ग्रामपंचायत आणि जातविषमता: लघुप्रबंधासाठी काय वाचावे, काय तपासावे?

चौकस_वाचक: नमस्कार. समाजशास्त्राच्या एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी मराठवाड्यातील दोन ग्रामपंचायतींचा अभ्यास करणार आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने २९ विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट मोकळी केली, महाराष्ट्रात २०११पासून महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. तरीही गावातील विषमतेवर त्याचा काय परिणाम झाला, हे नेमके कसे पाहावे? आरक्षित जागांची मोजदाद करून झाली आहे, पण मार्गदर्शकांच्या मते ती पुरेशी नाही. वाचनाबाबत आणि पद्धतीबाबत सल्ला हवा आहे.

पांढरीचा_पाटील: मार्गदर्शकांशी मी सहमत आहे. सर्वप्रथम अँडरसन, फ्रान्स्वा आणि कोतवाल या अर्थशास्त्रज्ञांचा महाराष्ट्रातील खेड्यांवरील शोधनिबंध वाचावा; तो २०१५मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. निवडणुका बऱ्यापैकी मोकळ्या होत असूनही, जिथे जमिनीवर मराठा समाजाचे वर्चस्व आहे तिथे गरिबांसाठीच्या सरकारी योजना कमी राबवल्या जातात, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा गावांतील गरीब माणूस पंचायतीवर नाराज असतोच असे नाही, कारण अडीअडचणीला उसनवार, मजुरी आणि आधार त्याला त्याच जमीनमालकाकडून मिळतो आणि मत त्या आधाराला जाते. म्हणूनच ‘सरपंच कोणत्या जातीचा’ या प्रश्नाआधी ‘गावात कोण कोणाच्या शेतावर जातो, कोणाकडून पैसे घेतो’ हे नोंदवावे. माझ्या मते मराठीतील बहुतेक लघुप्रबंध नेमके इथेच कमी पडतात. प्रश्नावलीत जमिनीचा रकाना असतो, उसनवारीचा नसतो.

दप्तर_तपासनीस: वरील सल्ल्याला दप्तराची जोड द्यावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ती खर्ची पडली की नाही एवढेच पाहून थांबू नये. गटार, दिवाबत्ती किंवा रस्त्याचे काम कोणत्या गल्लीत झाले, याची खातरजमा वस्तीत जाऊन करावी. ग्रामसभेचे इतिवृत्तही बारकाईने वाचावे. गणपूर्तीअभावी, म्हणजे आवश्यक किमान हजेरी नसल्याने, तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे महत्त्वाचे ठराव मूळ सभेत झाले की तहकूब सभेत, आणि त्या दिवशी हजेरीपटावर कोणत्या वस्तीच्या सह्या आणि अंगठे होते, हे ताडून पाहिल्यास बरेच काही उघड होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) दप्तर दाखवण्यास टाळाटाळ केली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. गावाचा वार्षिक आराखडा मात्र ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आयता मिळेल.

चौकस_वाचक: आभारी आहे. मग महिला आरक्षणाचा भाग वगळून टाकावा का? ‘सरपंचपती’, म्हणजे महिला सरपंचाच्या नावाने कारभार पाहणारा नवरा, या विषयावर आधीच पुष्कळ लिहिले गेले आहे.

उगवती: मुळीच वगळू नये, वरच्या दोन्ही प्रतिसादांत बायका जवळजवळ नाहीतच, याचीही नोंद घ्यावी. चट्टोपाध्याय आणि दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील आरक्षित पंचायतींचा अभ्यास करून २००४मध्ये दाखवले की, महिला प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर, म्हणजे बायकांनी मांडलेल्या गरजेवर, अधिक गुंतवणूक झाली. आरक्षणाचे फिरते चक्र तिथे चिठ्ठीसारखे, म्हणजे कोणती पंचायत आरक्षित होईल हे कोणाच्या मर्जीवर नसलेले, असल्याने आरक्षित आणि अनारक्षित पंचायतींची तुलना भक्कम झाली. दोनच गावांत तसे काही सिद्ध होणार नाही, हे उघड आहे. तुम्हाला मात्र एक गोष्ट तपासता येईल: सरपंचपद महिलेकडे असताना आणि नसताना, नळयोजनेची तोटी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली. सवर्ण महिला सरपंच असताना पाणी दलित वस्तीत पोहोचते का, हा प्रश्न ‘सरपंचपती’च्या चर्चेत सहसा कोणी विचारत नाही. नवरा कारभार पाहतो की नाही, हे तिसऱ्याच माणसाला विचारावे. दांपत्याला एकत्र बसवून विचारल्यास उत्तर ठरलेलेच असते.