काकस्पर्श: हरीचं ते वचन, प्रेम की मालकी?

कृष्णाकाठ: काकस्पर्श या सिनेमाला (2012) सगळे महान प्रेमकथा म्हणतात, मला नाही पटत. 1930 नंतरचं कोकण, धाकटा भाऊ महादेव संसार सुरू व्हायच्या आतच जातो, पिंडाला कावळा शिवत नाही, मग थोरला हरी पुढे होऊन मनातल्या मनात काहीतरी बोलतो आणि कावळा शिवतो. काय बोलला ते शेवटी कळतं, की महादेवच्या विधवेला, उमाला, दुसऱ्या कुठल्याही पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही. म्हणजे नुकत्या न्हातीधुती झालेल्या पोरीचं अख्खं आयुष्य दोन भावांनी परस्पर ठरवलं, त्यातला एक तर गेलेला, आणि तिला पत्ताच नाही. लोक हरीसाठी रडतात. मला हरीचा राग येतो.

दापोलीकर: ताई, काळ बघा ना जरा. गावाच्या नाकावर टिच्चून त्याने तिचं केशवपन होऊ दिलं नाही, घरात मानाने ठेवली. त्या काळात हे सोपं होतं का? मनात इतकं असून कधी मर्यादा सोडली नाही, सचिन खेडेकरने नुसत्या डोळ्यांतून दाखवलंय ते. आमच्याकडे आई, मावशी सगळ्या ढसाढसा रडल्या, त्या काय मालकी बघून रडल्या?

वाचनवेडी: काळाचंच बोलू मग. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. 1893 ला धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं, आणि कर्वे तुमच्याच दापोलीजवळच्या मुरूडचे. गावाने वाळीत टाकलं तरी केलं. हरी त्यानंतर चाळीसेक वर्षांनी काय करतो, तर केस वाचवतो आणि बाकी सगळं कुलूपबंद.

दापोलीकर: कर्व्यांचं उदाहरण इथे लागूच होत नाही हो. ते विधुर होते, गोदूबाई भावजय नव्हत्या. थोरला दीर म्हणजे बापाच्या जागी, त्यात हरीची बायको घरात. दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती, मुंबई प्रांतात ती बंदी 1946 ला आली, पण भावाची विधवा? 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा ते निषिद्ध नात्यातच धरलंय, त्या समाजात तशी रूढी असली तरच सूट. मग त्याने करायचं तरी काय होतं?

कृष्णाकाठ: लग्न करायला हवं होतं असं मी कुठे म्हटलं? सांगायला हवं होतं. तिचं दुसऱ्या कुणाशी लग्न लावता आलं असतं, हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात शिकायला पाठवता आली असती, महिला विद्यापीठसुद्धा 1916 लाच निघालं होतं. पण वचन दिलेलं ना, म्हणून तिसरी वाटच नाही. आणि ती जीव लावून बसते तर हा तोंड फिरवतो, कारण न सांगता. तिचा जीव गेला त्यात.

दापोलीकर: पाठवली असती तर ती त्याच्या नजरेआड गेली असती, ते त्याला सहन झालं नसतं. याला स्वार्थ म्हणा हवं तर. मला ते प्रेमच वाटतं, अडलेलं असलं तरी, आणि माणूस असाच असतो, सुधारक सगळे नसतात.

मधली_सून: तुम्ही सगळे हरी आणि उमावरच भांडताय, ताराबद्दल कुणी बोलतच नाहीये. आजारी बायको, अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याचं मन कुठे गुंतलंय ते तिला त्याच्याआधी दिसतं. चिडते, मग शेवटी उमालाच आपली जागा घ्यायला सांगते. सगळ्या सिनेमात समोर येऊन स्पष्ट बोललेली ती एकच बाई. हरीने त्यातलं निम्मं जरी उमाशी बोललं असतं ना, तर ती जगली असती.