क्रेडिट कार्डाने मिळकतकर भरला तर वरचं शुल्क कोणी सोसायचं?

कर्वेनगरकर:
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक फॉरवर्ड आला, "क्रेडिट कार्डाने मिळकतकर भरला की जादा शुल्क लावतात ही लूट आहे, पुणे महापालिकेने ते स्वतःच्या खिशातून भरावं", आणि खाली नुसते अंगठ्यांवर अंगठे. वाचून डोकं फिरलं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

महापालिकेचा खिसा म्हणजे कोणाचा? आपलाच ना. ते शुल्क पालिकेकडे राहत नाही, कार्ड देणारी बँक, व्हिसा-मास्टरकार्डसारखं नेटवर्क आणि ऑनलाइन भरणा पुढे पाठवणारी गेटवे कंपनी ते वाटून घेतात. यूपीआय आणि रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याला द्यावं लागणारं हे शुल्क, शून्य आहे. बाकी डेबिट कार्डांना मोठ्या व्यापाऱ्यांकडे ०.९० टक्क्याची मर्यादा आहे, क्रेडिट कार्डाला तशी मर्यादाच नाही. लाखाच्या वरचं बिल यूपीआयने जात नाही अशी रड होती, तर सप्टेंबर २०२४ पासून कर भरायला ५ लाखांपर्यंत चालतं. एवढा फुकटचा रस्ता समोर असताना ज्याला कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट्स हवेत त्याने कार्ड घासावं आणि त्याचा खर्च कसब्यातल्या वाड्यातल्या दोन खोल्यांचा कर खिडकीवर रोख भरणाऱ्या आजींनी सोसावा? हे मला कोणीतरी पटवून द्या.

बाणेरचा_फोटोग्राफर:
काका, कार्डवाला म्हणजे पॉइंट्सचा हावरट असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मी लग्नाचे फोटो काढतो. एप्रिल-मे मरमर काम, आणि पार्टी पैसे देते जुलैत, "अल्बम आला की देतो" म्हणत. कराच्या सवलतीची मुदत नेमकी त्याच्या आधी संपते. कार्डाने भरलं तर मला पंचेचाळीस दिवस मिळतात, तेवढ्यात पैसे येतात. नोकरदाराच्या खात्यात एक तारखेला पगार पडतो, त्याला हे कळणार नाही.

आणि खिडकीवर रोख घ्यायला काय फुकट लागतं? कॅशियरचा पगार, नोटा मोजणं, त्या बँकेत नेणं, चेक बाउन्स झाला की पुन्हा पत्रव्यवहार. तो खर्च आम्ही यूपीआयवाले कार्डवाले सगळे मिळून सोसतोच की, तेव्हा आजींना कोणी वेगळं शुल्क लावलं नाही, आणि लावूही नये. मग आम्हालाच का? दुकानदाराने कार्डावर दोन टक्के जास्त मागितले की आपण तिथेच हुज्जत घालतो, मग पालिकेने घेतले की गप्प बसायचं? मुदतीत कर भरला की ५ ते १० टक्के सवलत देतात त्यातच हे दीड-दोन टक्के बसवून टाका, विषय संपला.

टिळक_रोड_सीए:
सवलत अख्ख्या बिलावर नाही हो, फक्त सर्वसाधारण करावर आहे. दर वर्षी क्लायंटना हेच समजावतो. समजा बिल ३०,००० आणि त्यात सर्वसाधारण कर १२,०००. ५ टक्के म्हणजे ६०० रुपये सुटले. कार्डाचं शुल्क दीड टक्का धरलं तर ४५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८१, झाले ५३१. हातात उरले ६९. आता पार्टीने जुलैतही पैसे दिले नाहीत आणि कार्डाचं बिल थकलं, तर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, तेही व्यवहाराच्या तारखेपासून, म्हणजे महिन्याला हजाराच्या वर. पालिकेची शास्ती महिना २ टक्के, तीच बरी म्हणायची वेळ येते. पॉइंट्सचं म्हणाल तर सरकारी भरण्यावर बऱ्याच कार्डांनी ते कधीच बंद केलेत.

अजून एक कोणी बोलत नाही. आपल्या बिलात राज्य सरकारचा शिक्षण कर पण असतो, बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी कर पण, ते पैसे पालिका फक्त गोळा करून पुढे देते. शुल्क पालिकेने सोसायचं म्हटलं तर जे पैसे तिचे नाहीतच त्यावरही बँकेला कमिशन तिनेच द्यायचं.

सिंहगड_रोडची_मावशी:
तुम्ही पाचशे रुपयांवर भांडताय, इथे ४० टक्के सवलतीत आमचे हजारो रुपये गेले त्यावर कोणी बोलत नाही. १९७० पासून स्वतः राहणाऱ्याला मिळत होती, मधे सरकारने काढली, २०२३ ला परत दिली, पण आमच्यासारख्या २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना पीटी-३ फॉर्म भरा म्हणाले, म्हणजे घरात स्वतःच राहतो हे कागदांनी दाखवायचं. फॉर्मला सोसायटीचं पत्र लागतं. आमचे चेअरमन म्हणाले आधी पार्किंगचे पैसे भरा मग पत्र. ज्या पार्किंगवरून वाद चालू आहे त्याचे! तोपर्यंत १५ नोव्हेंबर उलटून गेला होता. मुदत पुढे वाढवली ते मला शेजारणीकडून नंतर समजलं. कार्डाने भरा नाहीतर सोन्याच्या नाण्यांनी भरा, बिलच चुकीचं असेल तर काय करायचं?

कर्वेनगरकर:
मावशी, तुमचा त्रास खरा आहे पण विषय वेगळा आहे. आणि खरं सांगू का, पीटी-३ हवाच होता. फ्लॅट भाड्याने दिलाय आणि कागदावर स्वतः राहतो असं दाखवून ४० टक्के खाणारे आमच्याच रस्त्यावर ढीगभर आहेत.

औंधातला_भाडेकरू:
ह्यावर बोलायचंच होतं. माझ्या घरमालकाने मला सांगितलंय की कोणी चौकशीला आलं तर "मालकांचा भाचा आहे" म्हणायचं. मी म्हणणार नाही हे त्याला तोंडावर सांगितलं तर अकरा महिन्यांनी भाडं वाढवलं. वर म्हणतो कर वाढला. कर त्याने सवलतीचा भरायचा आणि भाडं मात्र पूर्ण कर धरून घ्यायचं. मिळकतकर मालक भरतात म्हणून मालकच तावातावाने बोलतात, पण शेवटी पैसे आमच्याच खिशातून जातात.

बाणेरचा_फोटोग्राफर:
कर्वेनगर काका, मागच्या वर्षी तुम्हीच इथे लिहिलं होतं की तुमचा वारज्याचा वन बीएचके भाड्याने आहे. त्याला पीटी-३ भरलाय का? सरळ विचारतोय.

कर्वेनगरकर:
नाही भरला, पूर्ण दराने कर भरतो, आणि माझी पावती बघायचा हक्क तुम्हाला कोणी दिला नाही. मुद्दा हरला की माणसावर घसरायचं ही काय पद्धत झाली?

बाणेरचा_फोटोग्राफर:
पूर्ण भरत असाल तर चांगलं आहे, मी शब्द मागे घेतो. पण "पॉइंट्ससाठी कार्ड घासणारे" म्हणून आधी माणसांवर तुम्हीच घसरलात.

सिंहगड_रोडची_मावशी:
म्हणजे खोटं वागणाऱ्यांमुळे आम्ही खऱ्यांनी पत्र पत्र करत फिरायचं. मतदार यादीत नाव तिथलं, गॅस तिथला, आधार तिथलं, तरी चेअरमनच्या सहीशिवाय मी माझ्या घरात राहते हे सिद्ध होत नाही. हे कोणाला पटतं?

टिळक_रोड_सीए:
मावशी, हे मला पण पटत नाही. सोसायटीचं पत्र पर्यायी ठेवायला हवं होतं, वाद चालू असलेल्या सोसायट्या पुण्यात कमी नाहीत.

एरंडवण्याची_आजी:
माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिकडे टाउनशिपा, म्हणजे तिथल्या नगरपालिका, कार्डाने घराचा कर घेतात आणि कार्डवाल्याकडून वेगळं शुल्क घेतात, दोन-तीन टक्के सर्रास, थेट खात्यातून भरलं तर अगदी किरकोळ नाहीतर काहीच नाही. तो तिथे खात्यातूनच भरतो. पण माझा इथला कर तो तिकडून त्याच्या कार्डाने भरतो कारण मला ओटीपी, यूपीआय जमत नाही आणि गुडघ्यांमुळे खिडकीपर्यंत जाववत नाही. शुल्क तो देतो, कुरकुर करत नाही. पण कार्डाची सोयच काढून टाका असं इथे कोणी म्हणू नये.

कर्वेनगरकर:
आजी, सोय काढा असं मी कुठेच म्हणालो नाही. सोय राहू दे, जो वापरेल त्याने खर्च द्यावा, एवढंच म्हणणं आहे.

बाणेरचा_फोटोग्राफर:
ठीक आहे, सीएंचं गणित ऐकून शुल्क मी भरीन. पण किती जाणार हे कार्ड नंबर टाकायच्या आधी ठळक दिसलं पाहिजे, शेवटच्या पानावर ओटीपी आल्यावर नाही. आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर जबाबदारी कोणाची हेही लिहून द्यावं. माझ्या एका मित्राचे एका बँकेने असेच कापले, परत मिळेपर्यंत सवलतीची मुदत गेली, मग शुल्क कसलं घेताय?

कर्वेनगरकर:
हे दोन्ही मुद्दे मान्य. पैसे ज्या तारखेला कापले तीच भरणा तारीख धरावी, याच्या अर्जावर पहिली सही माझी घ्या.

औंधातला_भाडेकरू:
आणि भाडेकरूंचं?

सिंहगड_रोडची_मावशी:
आधी पीटी-३ चं. सीए साहेब, यंदा सोसायटीच्या पत्राशिवाय अर्ज टाकायचा तर सोबत काय काय जोडू ते इथेच सांगा, माझ्यासारख्या अजून पुष्कळ जणी असतील.

टिळक_रोड_सीए:
मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, लायसन्स किंवा पासपोर्ट, जे असेल ते जोडा, शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत पण लावा. आणि चेअरमनला पत्र मागितल्याचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, ती सोबत लावा. पोच द्यायला पण नाही म्हणाला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.