इलेक्ट्रिक रेसिंग मोटारसायकल: फ्रेम आधी की बॅटरीची पेटी?

तृतीय_वर्ष_मेकॅनिकल: स्पेनमधील मोटरलँड आरागोन येथे दर २ वर्षांनी होणाऱ्या मोटोस्टुडंट या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या रेसिंग मोटारसायकलींच्या स्पर्धेच्या इलेक्ट्रिक गटात उतरण्याची आमच्या महाविद्यालयाची तयारी चालू असून संघाचे नेतृत्व माझ्याकडे आले आहे. फ्रेमचा गट नळ्या कापायला उतावीळ झाला आहे, तर बॅटरीच्या गटाचे १८६५० की २१७०० मापाचे दंडगोल सेल हेच ठरत नाही. मी मूळचा फ्रेमच्या गटातला असल्यामुळे माझा कोणताही निर्णय दुसऱ्या गटाला पक्षपाती वाटतो. अशा वेळी काय करावे?

माजी_कर्णधार: तूर्त नळ्यांना हात लावू देऊ नका. १८६५० सेलचा व्यास १८ मिलिमीटर आणि २१७०० चा २१, म्हणजे एकाला एक लावून ठेवलेल्या १२ सेलच्या ओळीत ३६ मिलिमीटरची वाढ होते, आणि तेवढ्या वाढीनेही चालकाचे गुडघे फाकतात. आम्ही फ्रेम आधी जोडली होती. पेटी वरून आत गेली खरी, पण तारा जोडायला हात शिरेना, म्हणून जोडलेली नळी पुन्हा कापावी लागली. दोन्ही मापांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या करा आणि दोन्ही गटांना एकाच टेबलाशी बसवा. वाद घालायचाच असेल, तर तो पुठ्ठ्याशी घालू द्या.

उच्चदाब: वरील सूचनेला एक जोड देतो. २८ सेलची एकसर जोडणी पूर्ण चार्ज झाली की ११७.६ व्होल्ट होते; तिथे घाई परवडत नाही. प्रीचार्ज रेझिस्टरशिवाय (सुरुवातीचा प्रवाह रोखून धरणाऱ्या रोधाशिवाय) मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा विद्युत स्विच, लावला, तर मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधील रिकामे कपॅसिटर क्षणात प्रचंड प्रवाह ओढतात आणि कॉन्टॅक्टरची टोके एकमेकांना चिकटून बसू शकतात; मग आणीबाणीचे बटण दाबूनही वीज तुटत नाही. म्हणून काम थांबवण्याचा अधिकार सुरक्षा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला द्या, आणि तो कर्णधारालाही लागू असू द्या. (आमच्याकडे हा अधिकार पहिल्यांदा माझ्यावरच वापरला गेला, हातात धातूची अंगठी होती, तिच्यातून वीज वाहू शकते.) चार्जिंगची जागाही वेगळी ठेवा, कारण मार्च २०१९ मध्ये स्पेनमधील हेरेझला मोटोई या इलेक्ट्रिक मोटारसायकल शर्यतमालिकेच्या सगळ्या गाड्या एकाच आगीत गेल्या.

तृतीय_वर्ष_मेकॅनिकल: दोघांचेही आभार. काल पुठ्ठ्याच्या पेट्या करून पाहिल्या. मोठ्या पेटीचा मागचा कोपरा स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटला, म्हणजे तो जिथे फ्रेमला फिरता जोडलेला असतो त्या जागेला, लागतो, हे बॅटरीच्या गटानेच आधी दाखवून दिले, त्यामुळे १८६५० वर एकमत झाले. नळ्या सोमवारी कापू.