‘एकच प्याला’तल्या सिंधूचं खोटं कसं वाचायचं?

अबोली_सांगली:
गणपतीत आमच्या सोसायटीत ‘एकच प्याला’चं अभिवाचन आहे आणि सिंधू माझ्या गळ्यात पडलीय. चार दिवस शेवटच्या अंकात अडकलेय. तान्हं पोर गेलंय, स्वतः मरणाच्या दारात, आणि ही बाई फौजदारासमोर नवऱ्याला वाचवायला धडधडीत खोटं बोलते. आमचे दिग्दर्शक म्हणतात, “इथे आवाज पवित्र हवा.” पवित्र? लोकांची दळणं दळून घर चालवणारी मानी बाई ती. नवऱ्याची, सुधाकराची, वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी गेली, दारुड्या तालिरामाने पेला पुढे केला, की त्याच्या अपमानाला नि पश्चात्तापाला पानंच्या पानं. हिला राग येतो की नाही तेसुद्धा कळत नाही. कसं वाचू?

नेपथ्यवाला:
अहो ताई, १९१९ चं नाटक ते. नाटककार गडकरी जानेवारीत गेले, फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग. विषय दारू आहे, बायका नाहीत. बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात आले की थिएटर ढसाढसा रडायचं.

अबोली_सांगली:
रडायचं, मान्य. पण सिंधूसाठी की तिच्या पातिव्रत्यासाठी? (तेही पुरुषानेच करून दाखवलेलं, असो.)

जुना_शिरस्तेदार:
माझा जन्म कोर्टात गेला. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३२ होतं, त्याखाली मृत्युपूर्व जबाब ग्राह्य. समजूत अशी की मरताना माणूस खोटं बोलत नाही. सिंधू नेमकी तेव्हाच बोलते. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे असले जबाब यायचे: “स्टोव्हचा भडका उडाला. कुणाबद्दल तक्रार नाही.” अक्षर हवालदाराचं, खाली अंगठा. एकीचे हात इतके भाजले होते की ठसा पायाच्या अंगठ्याचा घेतला होता. मी त्या कागदाची नक्कल काढत होतो आणि तिची आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ १९८३ ला आलं, जबाब काही लगेच बदलले नाहीत. पवित्र-बिवित्र नको. पाठ करून ठेवल्यासारखं, घाईत वाचा.

लिंबलोण:
तालिरामाची बायको गीता, तिचा प्रवेश कापू नका! नवऱ्याला खरमरीत सुनावते ती. तर तिला हशे, आणि सोसणारीला टाळ्या. आमच्या कॉलेजात गीतेचं काम मी केलं होतं, बक्षीस अर्थातच सिंधूला.

अबोली_सांगली:
काल शिरस्तेदारकाकांनी सांगितलं तसं वाचलं. दिग्दर्शक म्हणाले, “भावना कुठेय?” शेजारच्या काकू मागे मोबाइल बघत बसल्या होत्या, त्यांनी तो पालथा ठेवला. गीतेचा प्रवेश वेळेअभावी आधीच कापलाय म्हणे. आज रात्री तालमीला जाऊन भांडते.