मर्री जमातीची ओळख

मर्री या बलुच जमातीविषयीच्या चर्चेत तिची ओळख पुष्कळदा बंडखोरीपुरतीच उरते, ती अपुरी वाटते. बलुचिस्तानातील कोहलूच्या डोंगराळ मुलखात शेळ्यामेंढ्यांवर गुजराण करणाऱ्या या जमातीत केवळ वंश हा सदस्यत्वाचा निकष नव्हता; तिच्या सुखदुःखात आणि वैरात वाटेकरी झालेली पश्तून कुटुंबेही कालांतराने मर्रीच ठरली. सामाईक जमीनसुद्धा ठरावीक वर्षांनी पुरुषांच्या संख्येनुसार नव्याने वाटली जाई (बायकांना मात्र त्यात वाटा नसे). शेळीच्या काळ्या केसांपासून विणलेल्या ‘गिदान’ नावाच्या तंबूत पाहुणा टेकला, की त्याच्याकडून प्रथम ‘हाल’ घेतला जाई, म्हणजे वाटेवरचा पाऊस, चारा, तंटे, मृत्यू यांची सविस्तर खबर. कळप कोणत्या खोऱ्यात हलवायचा, हे पुष्कळदा त्यावरच ठरे.