मदत हवी आहे: १९८९ नंतर पोलंडचे सत्ताधारी किती बदलले, हे मोजायचं कसं?

जिज्ञासू_८९: एम.ए.च्या प्रकल्पात १९८९ ला कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतरच्या पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाची तुलना आहे. १९८९ आधी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य असेल तर 'जुना', नसेल तर 'नवा', असं धरलंय. पोलंडमध्ये १९९१ ला जुने दिसेनासे होतात, २००१ ला पुन्हा अवतरतात. चुकतंय कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

विस्तुला: सदस्यत्वाची कसोटी आधी टाकून द्या. पोलिश पक्षाचे शेवटी शेवटीही सुमारे २० लाख सदस्य होते. त्यात शिक्षक, इंजिनिअर सगळेच आले. 'नोमेनक्लातुरा' धरा, म्हणजे पक्षाच्या संमतीशिवाय भरलीच जात नसत ती पदं. प्रत्येकाचं १९८८ चं स्थान तीन रकान्यांत लिहा: पदावर, उपपदावर, बाहेर. उपपदाचा रकाना गाळलात तर मुख्य गोष्टच निसटेल. वरचा साहेब गेला की उपसंचालक वर सरकायचा. काम आणि ओळखी त्याच्याकडे, बदनामी मात्र साहेबाची.

आणि कोष्टकं दोन करा. एकात १९८८ चे पदाधिकारी १९९३ ला कुठे गेले, दुसऱ्यात १९९३ चे कुठून आले. समजा पदं १०० वरून ४० झाली आणि त्या ४० वर सगळे जुनेच बसले. पहिलं कोष्टक म्हणेल ६० टक्के गेले, दुसरं म्हणेल नवा एकही नाही. दोन्ही खरं! 'गेलेल्यां'त निवृत्ती आणि धंदा वेगळे दाखवा. डिसेंबर १९८८ च्या कायद्याने खासगी उद्योग मोकळा झाला आणि पक्षातले बरेच जण तिकडे वळले.

जिज्ञासू_८९: चेकमध्ये जुने कमी दिसतात ते १९९१ च्या लस्ट्रेशन कायद्यामुळेच ना, म्हणजे जुन्या राजवटीतल्यांना पदांपासून दूर ठेवणाऱ्या?

प्राग_वाचक: खासदारांपुरतं तरी नाही. तो कायदा (क्रमांक ४५१/१९९१) नेमणुकीच्या पदांना लागू होता, निवडून आलेल्यांना नव्हता. म्हणून खासदार आणि अधिकारी एकत्र मोजू नका. खरा फरक पक्षांत आहे. चेक कम्युनिस्टांनी नाव सोडलं नाही, ते विरोधातच राहिले. पोलंडमध्ये जानेवारी १९९० ला पक्ष विसर्जित करून त्याच मंडळींनी सोशल डेमोक्रॅट पक्ष काढला. त्यांच्या आघाडीने १९९३ ची निवडणूक जिंकली.

तुमचा १९९१-२००१ चा घोळ त्यातूनच आलाय. क्वाश्निएव्स्की १९८५ ला मंत्री, १९८९ ला सेनेटच्या निवडणुकीत पराभूत, १९९१ ला खासदार, १९९५ ला कम्युनिस्टविरोधी चळवळीचे नेते वालेसा यांना हरवून राष्ट्राध्यक्ष. लेशेक मिलेर १९८९ ला पॉलिटब्युरोत (कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळात), २००१ ला पंतप्रधान. त्यामुळे एकाच वर्षावर थांबू नका. १९८८, १९९१, १९९३ आणि २००१ चे चार रकाने करून तीच नावं चारही ठिकाणी शोधा.