मदत हवी आहे: लेबनीज आणि कंबोडियन स्थलांतरितांची तुलना नेमकी कशावर करायची?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून सिडनीत समाजकल्याण विषयात मास्टर्स करतेय. शेवटच्या सत्रात मोठा निबंध आहे: कुठलेही दोन स्थलांतरित समाज घ्या आणि त्यांची आर्थिक-सामाजिक स्थिती ताडून बघा. वर्गातल्या बहुतेकांनी भारतीय आणि चिनी घेतले, आयता मालमसाला भरपूर. मी घेतले लेबनीज आणि कंबोडियन, आणि आता अडकलेय.

निवडीमागे कारण होतं. 13 एप्रिल 1975 ला बैरुतमध्ये एका बसवर गोळीबार झाला आणि लेबनॉनची यादवी पेटली, ती पंधरा वर्षं चालली. त्याच आठवड्यात, 17 एप्रिलला, ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट बंडखोर कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरले. पुढच्या पावणेचार वर्षांत जेमतेम ऐंशी लाखांच्या त्या देशातली सुमारे 17 लाख माणसं मेली. म्हणजे दोन्हीकडची पळापळ एकाच आठवड्यात सुरू झालेली. कोण कुठून कुठवर पोचलं हे मोजायला इतकी सोयीची जोडी दुसरी सापडली नाही.

शिवाय दोघंही माझ्या रोजच्या वाटेवरचे. राहते हॅरिस पार्कला. विग्रॅम स्ट्रीटवर आता डोसे-पाणीपुरीची गर्दी असते, पण हा भाग आधी लेबनीज ख्रिश्चनांचा, त्यांच्या मारोनाइट या कॅथलिक पंथाचं मोठं चर्च अजून इथेच आहे. काम करते कॅब्रामॅटाजवळच्या एका औषधाच्या दुकानात. तिथे कंबोडियन आज्या नातीला घेऊन येतात. नात शाळेच्या गणवेशातच असते, आजीची प्रिस्क्रिप्शन ती वाचते, प्रश्न तीच विचारते. बऱ्याच आज्या-आजोबांच्या कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी. निर्वासितांच्या छावणीत तारीख माहीत नसली की हीच घालायचे. साखर, रक्तदाब आणि झोपेची गोळी हे त्रिकूट ठरलेलं.

आता अडचण. अमेरिकेबद्दलचं काहीही वाचलं की चित्र स्वच्छ दिसतं: लेबनीज वंशाचे लोक शिक्षणात आणि उत्पन्नात राष्ट्रीय सरासरीच्या वर, कंबोडियन बरेच खाली. इथे ऑस्ट्रेलियात मात्र लेबनॉनमध्ये जन्मलेल्यांची बेकारी कितीतरी वर्षं सरासरीच्या खूप वर राहिली. आणि त्याच समाजातल्या आधीच्या पिढ्यांमधून स्टीव्ह ब्रॅक्स व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) झाले, मेरी बशीर न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नर झाल्या! मग 'लेबनीज समाजाची स्थिती' म्हणून मी नेमकं काय लिहू?

मोजमाप कुठलं घ्यावं, उत्पन्न, घराची मालकी, शिक्षण की आरोग्य? आणि दोन्ही देश घ्यावेत की एकच? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. 'गूगल कर' असं सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

---

खडूस_मास्तर

विषय चांगला आहे. आधी हे सांग, तू मोजणार कुणाला? ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत जन्मदेश वेगळा विचारतात आणि वंश वेगळा. 2021 मध्ये लेबनीज वंश सांगणारे अडीच लाखांच्या घरात, पण प्रत्यक्ष लेबनॉनमध्ये जन्मलेले साधारण त्याच्या एक-तृतीयांश. पहिला आकडा घेतलास तर त्यात ब्रॅक्स येतात, ज्यांच्या घराण्याला इथे येऊन शंभरावर वर्षं झाली. दुसरा घेतलास तर सिडनीच्या लेकेंबातली साठीतली बाई येते, जी इंग्रजी धड न शिकताच तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यात राबली. दोघांची सरासरी काढून काय मिळणार? आमच्याकडे त्याला भेळ म्हणतात.

दुसरी गोष्ट घरगुती उत्पन्नाची. या आकड्यावर अजिबात भाळू नकोस. कंबोडियन घरांत आजी, आई-बाप, लग्न न झालेला काका आणि कमावती मुलं एका छपराखाली असतात. चार पगार एकत्र आले की घराचं उत्पन्न झकास दिसतं. माणशी काढलं की खरं काय ते कळतं. माणशी उत्पन्न, आणि त्याच्या शेजारी घरात किती माणसं, हे दोन रकाने कायम जोडीने ठेव.

---

फिरस्ता७२

मला तर यात कोडं दिसतच नाही. लेबनीज म्हणजे फिनिशियनांचे वंशज, व्यापार रक्तातच. पश्चिम आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत जिथे गेले तिथे दुकान थाटलं. कंबोडियन मुळात भातशेतीवाले. आपल्याकडे गुजराती आणि इतर, तसंच.

---

मेरिमॅक_काठी

फिरस्ता, रक्ताचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात येऊन बघा. तिथली डोनटची स्वतंत्र दुकानं बहुतांशी कंबोडियन लोकांची आहेत. 1975 मध्ये निर्वासित म्हणून आलेल्या टेड नॉय यांनी धंदा शिकून घेतला, मग मागून येणाऱ्यांना दुकानं चालवायला दिली. पहाटे दोनला उठून तळायचं, मुलं गल्ल्यावर, घरातलं कुणी पगार घेत नाही. भातशेतीवाल्यांनी हा व्यापार कुठल्या रक्तातून आणला?

कोथिंबीरवडी, मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे तुझी जोडी एकाच नदीच्या काठी आहे. लॉरेन्सला लेबनीज, वरच्या अंगाला लोवेलला कंबोडियन. दोन्ही जुनी गिरणगावं. फरक असा की लॉरेन्सचे लेबनीज 1924 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दार बंद होण्याआधी आले. माउंट लेबनॉनमधला रेशमाचा धंदा बसला होता, ऑटोमन सैन्यात पोरं जायची भीती होती. कागदोपत्री ते तेव्हा 'सीरियन'. 1912 च्या लॉरेन्सच्या प्रसिद्ध गिरणी संपात हे सीरियन कामगार होते, त्यांच्यातला एक कोवळा पोरगा सैनिकाच्या संगिनीने मेला. तेव्हा त्यांना कुणी 'यशस्वी समाज' म्हणत नव्हतं. ते गोरे ठरतात का, आणि म्हणून त्यांना नागरिकत्व द्यावं की नाही, यावर खटले चालले. 1915 मध्ये जॉर्ज डाऊ यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने 'हे गोरेच' असा निकाल दिला, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. आज अमेरिकेतल्या लेबनीजांची जी सरासरी तू वाचतेस तिच्यात या लोकांची पणतवंडं आहेत. चार पिढ्यांची कमाई आहे ती.

लोवेलचे कंबोडियन आले 1980 च्या निर्वासित कायद्यानंतर, बहुतेक थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांमध्ये काही वर्षं काढून. त्यावेळी इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीची कामं होती, भाषा नसली तरी हात चालले की पुरे. मग वँगसारखी संगणकांची मोठी कंपनी 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली, त्या भागातली कामं आटली. तरीही 2022 मध्ये सोखरी चाऊ लोवेलचे महापौर झाले, अमेरिकेतले पहिले कंबोडियन वंशाचे महापौर.

एक इशारा. अमेरिकी आकड्यांत हे दोन्ही समाज दडलेले असतात, पण उलट्या बाजूंनी. कंबोडियन 'आशियाई' रकान्यात जातात आणि आपल्यासारख्या व्हिसावर आलेल्या इंजिनियरांच्या पगाराखाली त्यांची गरिबी झाकली जाते. लेबनीज 'गोरे' या रकान्यात. पश्चिम आशियाई असा वेगळा रकाना करायचा निर्णय थेट मार्च 2024 मध्ये झाला.

---

कोथिंबीरवडी

मेरिमॅकताई, केवढं लिहिलंत! मनापासून धन्यवाद. मग 1975 नंतर आलेले लेबनीज वेगळे काढून त्यांनाच कंबोडियनांशेजारी उभं केलं तर तुलना जमेल का?

---

स्प्रिंगवेलचा_काका

जमेल, पण ते कुठल्या दाराने आत आले तेही बघ पोरी. मी ऐंशीच्या दशकात मेलबर्नला आलो. डँडेनाँगच्या ज्या कारखान्यात पहिली नोकरी केली तिथे माझ्या एका बाजूला लेबनीज, एका बाजूला कंबोडियन. डबा खाताना तिघांचंही इंग्रजी सारखंच दिव्य.

लेबनीजांना 1976 मध्ये सरकारने अटी सैल करून घेतलं. पूर्ण निर्वासित म्हणून नव्हे आणि कौशल्य बघूनही नव्हे. इथे नातेवाईक आहे ना, मग या. त्यामुळे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या खेड्यांतली कमी शिकलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आली. निर्वासितांना जी थोडीफार मदत मिळते, हॉस्टेल, भाषेचे वर्ग, ती त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. सगळा भार नातेवाइकांवर. कंबोडियन मात्र छावणीतून थेट सरकारी हॉस्टेलमध्ये उतरले. स्प्रिंगवेलचं एंटरप्राइझ हॉस्टेल आमच्या घराजवळच होतं, म्हणून तर हा भाग त्यांचा झाला. गंमत बघ, जास्त होरपळलेल्यांना उतरल्यावर आधार थोडा जास्त मिळाला.

आणि मग आयातकर उतरत गेले, कारखाने एकामागून एक बंद पडले. त्याचा फटका दोघांनाही बसला. लेबनीजांमधले पुष्कळ जण बांधकाम, टॅक्सी, स्वतःचं छोटं काम असं करत सावरले, पण चाळिशी उलटलेले जे घरी बसले ते बसलेच.

कंबोडियनांचं आणखी एक दार विसरू नकोस. 1989 पासून काही होड्या आल्या. त्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं डांबून ठेवलं. त्यांनी कोर्टात दाद मागितली तेव्हा 1992 मध्ये सरकारने घाईघाईने सक्तीच्या स्थानबद्धतेचा कायदाच केला. आज ज्या कायद्यावर इतका वाद चालतो तो या काही शे माणसांमुळे जन्माला आला. छावणीतून विमानाने आलेला आणि होडीने आलेला, दोघंही जनगणनेत 'जन्म: कंबोडिया'. त्यात पुन्हा तिथले चिनी वंशाचे लोक वेगळे, घरी तेओच्यू ही चिनी बोली बोलतात, व्यापाराची ओळखपाळख आधीपासूनची. घरी बोलायची भाषा हा रकाना लावून बघ, समाज दुभंगलेला दिसेल.

---

फिरस्ता७२

बरं, रक्त मागे घेतो. पण शिक्षणाचं काय? लेबनीज शिकतात हे तरी खरं ना?

---

सांजवात_

शिक्षणाबद्दल लिहिते, मी समुपदेशनाचं काम करते. ख्मेर रूजने शिक्षक, डॉक्टर, कारकून, नुसतं शिकलेलं दिसणारं माणूससुद्धा मारलं. शाळा बंद केल्या. सीमा ओलांडून जे पोचले त्यांत खेड्यातले, अर्धवट शाळेतले, विधवा बायका मोठ्या संख्येने. मुलांना अभ्यासाला बसवणारं, शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलणारं पिढीतलं माणूसच गायब. लेबनॉनमध्ये यादवी भयंकर होती, पण विद्यापीठं चालू राहिली, डॉक्टर-इंजिनियर होऊन लोक बाहेर पडत राहिले. अमेरिकेने त्यांतले बरेच उचलले.

तुझ्या आज्यांच्या झोपेच्या गोळीबद्दल. 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कंबोडियन निर्वासितांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 35 ते 75 वयाचे, तिथे येऊन दोन दशकं झालेले. त्यांत 62 टक्के लोकांना आघातोत्तर ताणाचा विकार आणि 51 टक्क्यांना गंभीर नैराश्य आढळलं. वीस वर्षांनंतर! ऐंशीच्या दशकात तर तिथे डोळे शाबूत असूनही दिसेनाशा झालेल्या बायका डॉक्टरांकडे येत होत्या. त्यामुळे आरोग्य हा पुरवणी मुद्दा म्हणून शेवटच्या पानावर टाकू नकोस. नोकरी टिकत नाही, मुलांशी बोलणं होत नाही, याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

लेबनीज बाजूला जखम अजून ओली आहे. 2019 मध्ये तिथल्या बँका बुडाल्या, लोकांच्या ठेवी अडकल्या, 4 ऑगस्ट 2020 ला बैरुत बंदरातला स्फोट, 2024 मध्ये पुन्हा युद्ध. सिडनीतल्या घराचा हप्ता भरून झाल्यावर किती पैसे गावी जातात हे उत्पन्नाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पगार तोच, पण त्या पगारावर खाणारी तोंडं दोन देशांत. आणि डिसेंबर 2005 मध्ये सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर जमावाने 'लेबनीज दिसतो' म्हणून पोरांना बडवलं, तेव्हा त्यांच्यातल्या डॉक्टरच्या मुलाला वेगळं काढलं नव्हतं. सामाजिक स्थितीत हेही धर.

---

कोथिंबीरवडी

सगळ्यांना दंडवत. आता असं ठरवतेय: अमेरिका फक्त पार्श्वभूमीला, मुख्य तुलना सिडनीचीच. 1976 ते 1986 मध्ये आलेले लेबनॉन-जन्मे आणि कंबोडिया-जन्मे शेजारी ठेवायचे, मग त्यांची इथे जन्मलेली मुलं. मोजमापं चार: माणशी उत्पन्न, घराची मालकी, बायकांचा कामातला सहभाग आणि इंग्रजी. आरोग्यावर वेगळं प्रकरण. धर्माचं काय करू? मारोनाइट आणि मुस्लिम असे लेबनीज वेगळे काढले तर उगाच वाद होईल का?

---

खडूस_मास्तर

वाद होईल, पण काढ. अमेरिकेत जनगणनेत धर्म विचारतच नाहीत, तुमच्याकडे विचारतात, तर या सोयीचा फायदा घे. फक्त धर्माच्या शेजारी आगमनाचं वर्ष ठेवल्याशिवाय एकही वाक्य लिहू नकोस. पुष्कळ मारोनाइट घराणी एक-दोन पिढ्या आधी आलेली आहेत, मुस्लिम कुटुंबं मुख्यतः सत्तरनंतर. वर्ष काढून टाकलंस तर काळाचा फरक धर्माच्या नावावर जमा होईल, आणि फिरस्तासारखे लोक टपलेलेच आहेत (हलके घेणे).

तुमच्या सांख्यिकी खात्याचं टेबलबिल्डर वापर, नोंदणी केली की घरबसल्या तक्ते बनवता येतात. आगमनाचं वर्ष न सांगणाऱ्यांची ओळ वेगळी ठेव, बेरजेत मिसळू नकोस. वयोगटही लाव, नाहीतर पेन्शनीत गेलेल्यांची गणना बेकारांत करून बसशील. पहिला तक्ता झाला की इथे टाक, बघून देतो.